श्वास सोडल्यावरचा विराम : मोजायचा की येऊ द्यायचा?

टिळकवाडीकर
बेळगावात वॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरणाऱ्यांत सध्या 'यिन-यांग श्वासा'चं खूळ आहे. चार अंक आत, सोळा रोखा, आठात सोडा, की झाला म्हणे यिन आणि यांग या दोन चिनी तत्त्वांचा समतोल! १:४:२ हे प्रमाण आपल्याच प्राणायामातलं, वर चिनी पाटी लावलीय. निवांत बसलेल्या माणसाचा श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी छोटा विराम आपसूक येतो. तो येऊ द्यावा. दात-ओठ खाऊन श्वास धरणं म्हणजे कुस्ती.

खानापूरचे गुरुजी
खूळ म्हणून उडवू नका, साहेब. यिन-यांग हे वैरी नव्हेत. एक पुरतं भरलं की त्याच्याच पोटातून दुसरं सुरू होतं. श्वासाचं वेगळं काय? आपल्याकडेही इडा-पिंगळा, म्हणजे डाव्या-उजव्या नाकपुडीच्या नाड्या, आहेतच. नाकपुड्यासुद्धा काही तासांनी आळीपाळीने मोकळ्या होतात; काइझर या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्येच हे लिहून ठेवलंय. आणि नुसतं 'येऊ द्या' म्हणून बसलं की मन मिनिटात शनिवार खुटाच्या चौकात पोचतं. मोजणं लागतंच.

निपाणीची माहेरवाशीण
नाकपुड्यांवरून यिन-यांग कसं सिद्ध होतं, गुरुजी? श्वास घेणं यांग म्हणणारेही आहेत आणि यिन म्हणणारेही. माझ्या मावशीचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, दमा आहे. तिला कुणीतरी सोळा अंक रोखायला लावलं. आठाच्या आतच गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, मग खोकल्याची अशी उबळ की पदर तोंडात कोंबून बसली बिचारी. दम्यात श्वास बाहेर पडतानाच अडकतो, त्याला आणखी काय रोखायचं?

टिळकवाडीकर
अगदी. रोखल्यावरची तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. साधा श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा उरते, म्हणून तो आपसूक विराम बिनघोर.

खानापूरचे गुरुजी
म्हणजे तगमग प्राणवायू संपल्याची नव्हे, हे तुम्हीच कबूल केलंत की! दमेकरी, हृदयविकारवाले यांना कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नको, हे जाणता शिक्षक आधीच सांगतो. पहिल्याच दिवशी सोळावर नेणाऱ्याचे कान धरा, पद्धतीला का झोडपता?

अनगोळची सून
मध्येच विचारते. आमचे हे झोपेत घोरता घोरता एकदम गप्प होतात, मग दचकून घुर्रर्र! हे यिन की यांग?

निपाणीची माहेरवाशीण
वहिनी, थट्टा नको. झोपेत दहा सेकंद किंवा जास्त श्वास वारंवार थांबत असेल तर स्लीप ॲप्निया असू शकतो. दिवसा पेंगतात का? गाडी चालवतात का? आधी डॉक्टरांना दाखवा.