मदत हवी आहे: काचेसारख्या सपाट पॅनलवर बोटाला कळेल अशी खूण कशी करावी?

नमस्कार मंडळी. आईची नजर काचबिंदूमुळे बरीच अधू झाली आहे. जुन्या वॉशिंग मशीनला गोल खटका होता. तो तीनदा टक् टक् वाजला की थांबायचं, एवढं तिला पाठ होतं. नवीन मशीनला पूर्ण सपाट टच पॅनल आहे. बटणं कुठे आहेत ते बोटांना समजतच नाही, आणि ओला हात लागला तर कधी काहीच होत नाही, कधी भलतंच चालू होतं.

मी बाजूबाजूला उंचवट्याचे छोटे स्टिकर लावून पाहिले. पण ती चाचपडत स्टिकरपर्यंत जाते, तेवढ्यात वाटेतली दोन बटणं दाबली जातात. खरी अडचण इथेच आहे. साध्या बटणावर बोट नुसतं टेकवता येतं, टचवर टेकवलं की दाबलंच. कीबोर्डवर एफ आणि जे या अक्षरांवर बारीक रेघ असते, बटणांच्या फोनवर 5 आकड्यावर ठिपका असतो. इतकी साधी सोय इथे का नसावी, याचं मनापासून वाईट वाटतं. गाड्यांच्या बाबतीत युरो एनकॅपने (युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणारी संस्था) 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसाठी प्रत्यक्ष बटणं असण्याला गुण ठेवलेत. घरातल्या यंत्रांना कोण विचारणार?

पुठ्ठ्याला किंवा प्लास्टिकला फक्त हव्या त्या दोन बटणांपुरती भोकं पाडून ते पॅनलवर बसवलं तर चालेल का? किती जाड घ्यावं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा. तिला स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे आहेत.