प्रतिसाद: माजी इंटर्नचा ग्रुप कशाला चालवायचा?

वर कोणीतरी विचारलंय की इंटर्नशिप संपली, सर्टिफिकेट दिलं, मग त्या मुलामुलींचा ग्रुप सांभाळण्यात समुपदेशक बाईंना काय मिळतं? बाईंना काय मिळतं ते त्याच जाणोत, पण आम्हाला मिळतं ते सांगते. मीही त्यांची माजी इंटर्न. आता ऐरोलीत एकटीच आर्ट थेरपीची (चित्रांच्या मदतीने समुपदेशनाची) प्रॅक्टिस करते.

या कामात एकटं पडायला वेळ लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते. आर्ट थेरपिस्टचा उल्लेख २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या अनुसूचीत आला खरा, पण अडलेली केस घेऊन आज संध्याकाळी कोणाकडे जायचं, हे कायदा थोडाच सांगणार?

म्हणून आम्ही ठाण्यात नौपाड्याला या बाईंकडे, म्हणजे आमच्या ताईंकडे, जमतो. मागे एकीने एका मुलाबद्दल सांगितलं (नाव-गाव गाळूनच, आणि चित्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही हा ताईंचा कडक नियम). त्याने अख्खा कागद काळ्या खडूने भरला होता. आमचे लगेच तर्क सुरू: राग, भीती, घरातली भांडणं. ताईंनी एवढंच विचारलं, "डब्यात बाकीचे खडू धड होते का गं?" नव्हते. सगळ्यांचे तुकडे झालेले!

असले प्रश्न पुस्तकात नसतात. बाकी नोकऱ्यांच्या जाहिराती, भाड्याने खोली वगैरे ग्रुपवर चालूच असतं, त्यात विशेष काही नाही. आणि हो, ताई याचे पैसे घेत नाहीत. माझ्या मते घ्यायला हवेत.