इन्हेलरचं औषध फुफ्फुसात किती पोचतं, हे यंत्रावर ठरवायचं की माणसावर?

कणाद
नव्या इन्हेलरची चर्चा निघाली की 'सूक्ष्म कणांचं प्रमाण' (फवाऱ्यातलं किती औषध बारीक कणांत आहे ते) म्हणून एक टक्केवारी पुढे केली जाते आणि ऐकणारा तोच आकडा फुफ्फुसात पोचलेल्या औषधाचा समजतो. हे थांबायला हवं.

हा आकडा कॅस्केड इम्पॅक्टर या यंत्रातून येतो. घसा म्हणून लावलेल्या धातूच्या काटकोनी नळीतून फवारा आत ओढतात. पुढे एकाखाली एक चकत्या असतात. दर टप्प्यावर भोकं बारीक होतात, हवेचा वेग वाढतो आणि ज्या कणाला वळता येत नाही तो चकतीवर आपटून चिकटतो. वर जाडे कण, खाली बारीक. मग चकत्या धुऊन औषध मोजायचं. यंत्र सुरेखच आहे, पण त्यातली हवा सतत एकाच वेगाने वाहते, पुष्कळदा मिनिटाला २८.३ लिटर. दम लागलेला माणूस असा श्वास घेतो का? त्या नळीला ना जीभ, ना घशाचा अरुंद भाग.

१९८१ साली फवाऱ्याच्या पंपावर माणसांमध्ये किरणोत्सारी खूण वापरून मोजणी झाली, तेव्हा फुफ्फुसात जेमतेम ९ टक्के औषध सापडलं. ८० टक्के तोंडात नि घशातच राहिलं. म्हणून माझं म्हणणं, नवं उपकरण बाजारात येण्याआधी गामा कॅमेऱ्याखाली, म्हणजे शरीरातल्या किरणोत्सारी खुणेचं चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली, माणसांवर मोजणी सक्तीची करा.

मापाडी
सक्तीला माझा विरोध. इम्पॅक्टरचं मुख्य काम वेगळं आहे: आजची बॅच कालच्यासारखीच आहे ना, हे तपासणं. ते तो चोख करतो.

आणि गामा कॅमेरा औषध बघतच नाही. तो बघतो टेक्निशियम-९९एम, म्हणजे औषधाला जोडलेली खूण. ती खूण सगळ्या आकारांच्या कणांवर औषधाच्याच प्रमाणात बसली आहे, हे आधी दाखवावं लागतं. कशावर? इम्पॅक्टरवरच! शिवाय सपाट चित्रात मोठ्या श्वासनलिका आणि त्यांच्या पुढेमागे असलेले वायुकोश एकावर एक येतात. लहान मुलांना तर किरणोत्सार द्यायचा म्हणजे शंभरदा विचार करावा लागतो.

कणाद
सपाट चित्राचा दोष मान्य, पण त्रिमितीय स्कॅनने तो बराच कमी होतो. किरणोत्सार नको असेल तर सक्रिय कोळशाची पद्धत आहेच. इन्हेलर घेताना कोळसा गिळायला देतात. पोटात उतरलेलं औषध तो धरून ठेवतो, त्यामुळे रक्तात सापडतं ते मुख्यतः फुफ्फुसातून आलेलं. कुठल्या भागातून आलं हे त्यावरून कळत नाही, हे खरं.

श्वासवेध
तुम्ही दोघंही 'किती' यावरच अडला आहात. २००५ साली दम्याच्या रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे १.५, ३ आणि ६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण वेगवेगळे दिले. बारीक कण फुफ्फुसात जास्त टिकले, खोलवर गेले. तरी श्वासनलिका जास्त उघडल्या त्या जाड्या कणांनी! कारण आकुंचन पावणारे स्नायू नलिकांच्या भिंतीत असतात, वायुकोशात नसतात. मग मोजणीचा एवढा आटापिटा कशाला? रुग्णाची फुंकर, म्हणजे जोरात श्वास सोडण्याची ताकद, सुधारली का, ते बघा.

कणाद
अहो, पण हा प्रयोग माझीच बाजू घेतो! कण कुठे बसले हे त्यात गामा कॅमेऱ्यानेच दाखवलं. नुसती फुंकर मोजली असती, तर जाडे कण सरस का ठरले याचं कारण हाती लागलं नसतं.

मापाडी
संशोधनासाठी जरूर करा. पण परवान्याची अट म्हणून नको. त्यापेक्षा धातूची नळी काढा, खऱ्या घशाच्या आकाराचा साचा बसवा आणि रुग्णांच्या श्वासाचे नोंदवलेले आलेख श्वासासारखी हवा ओढणाऱ्या पंपावर चालवा. अशा साच्यांचे आकडे माणसांवरच्या मोजणीच्या बरेच जवळ येतात. मुलांच्या घशाचे साचेही करता येतात, आणि तिथे गामा कॅमेऱ्याचा आग्रह तुम्हालाही धरता येणार नाही.