सोनार सोडून रीपरकडे जाताना वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांचे काय करावे?

प्रश्न

नमस्कार. मी २००४ पासून घरच्या घरी अभंग आणि भावगीते ध्वनिमुद्रित करतो, आणि तेव्हापासून केकवॉक सोनार हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअरच वापरत आलो आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन या त्याच्या मालक कंपनीने त्याचे पुढचे काम थांबवले, २०१८ मध्ये बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते घेऊन मोफत उपलब्ध करून दिले, तरीही हाताला वळण पडलेले असल्याने मी तिथेच राहिलो. आता नवा संगणक घेतला असून रीपर हे त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर शिकायचे ठरवले आहे. मात्र माझ्याजवळच्या सुमारे दोनशे गाण्यांच्या सोनारच्या फाइली रीपरमध्ये उघडत नाहीत. त्यांपैकी बऱ्याच गाण्यांत माझ्या वडिलांची हार्मोनियमची साथ आहे; ते आता नाहीत. शिवाय तबला मेट्रोनोमशिवाय वाजवलेला असल्यामुळे मी नंतर प्रत्येक समेवर टेम्पो जुळवत नेला होता. ती मेहनत वाया जाईल का?

पहिले उत्तर

वाया जाणार नाही, पण क्रम सांभाळावा लागेल. प्रत्येक ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचे किंवा आवाजाचे वेगळे मुद्रण, गाण्याच्या शून्य क्षणापासून, २४ बिटमध्ये आणि मूळच्याच सॅम्पल रेटने (दर सेकंदाला घेतलेल्या ध्वनि-नमुन्यांच्या संख्येने) वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा. हार्मोनियम पहिल्या अंतऱ्यानंतर सुरू होत असली, तरी तिच्या फाइलीच्या आरंभी तेवढी शांतता राहू द्यावी, म्हणजे नव्या ठिकाणी सर्व ट्रॅक एका रेषेत आपोआप बसतात. एका माइकवर घेतलेला आवाज मोनोच ठेवावा. ४८ किलोहर्ट्झला असा एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो.

टेम्पोसाठी त्याच गाण्याची मिडी फाइल (ध्वनीऐवजी सूर आणि लयीच्या नोंदी ठेवणारी फाइल) काढावी, कारण तिच्यात टेम्पोचे सारे बदल नोंदवलेले असतात आणि ती आणताना ते स्वीकारायचे का, असे रीपर विचारतो. मात्र रीपरमध्ये ध्वनीचे तुकडे मुळात मात्रांना बांधलेले असतात. आधी ध्वनी ठेवून मग टेम्पो बदलला, तर तुकडे सरकतात किंवा ताणले जातात. म्हणून प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइमबेस, म्हणजे तुकडे मात्रांना बांधायचे की वेळेला हे ठरवणारा पर्याय, ‘टाइम’ करावा आणि त्यानंतरच बाकीचे आणावे. माझ्या एका झपतालातल्या बंदिशीत हे राहून गेले, तेव्हा चौथ्या आवर्तनापर्यंत गायक आणि तबला एकमेकांपासून स्पष्टपणे सुटले होते.

दुसरे उत्तर

वरील पद्धत योग्य आहे. परंतु दोनशेच्या दोनशे गाणी हलवण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. ज्यांचे मिश्रण पूर्ण झाले आहे, त्यांचे ट्रॅक काढून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावेत आणि ती पुन्हा उघडू नयेत. जी अर्धवट आहेत, तेवढीच रीपरमध्ये न्यावीत. प्रत्येक ट्रॅक मात्र दोनदा काढावा, एकदा इफेक्टविना आणि एकदा इफेक्टसह. सोनारमधील प्रोचॅनेल हा अंगभूत इफेक्टसंच सोनारबाहेर चालत नाही, त्यामुळे आवाजाला त्या काळी दिलेला रंग इफेक्टसह काढलेल्या प्रतीतच टिकेल, आणि पुढे तो नव्याने द्यावासा वाटला, तर कोरी प्रत हाताशी असेल. रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याच्या इफेक्टची, आस पूर्ण विरेपर्यंत शेवटी काही सेकंद सोडावेत.

जुना संगणक हे काम संपेपर्यंत मोडीत काढू नये.

तिसरे उत्तर

मी क्यूबेस या तशाच सॉफ्टवेअरकडून रीपरकडे आलो. पहिले दोन महिने मी प्रत्येक शॉर्टकट जुन्यासारखा करून घेण्यात घालवले आणि त्या काळात एकही चाल पूर्ण झाली नाही. त्यापेक्षा एक नवे, लहान गाणे घ्यावे, तानपुरा, तबला आणि एक आवाज एवढेच, आणि ते आरंभापासून शेवटपर्यंत रीपरमध्येच करावे. जुने गाणे समोर असले की कान सतत तुलना करत राहतो. रीपरची चाचणी प्रत ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरता येते. तेवढ्यात आपला निर्णय होईल.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांची साथ असलेली एकेचाळीस गाणी मी वेगळी काढली आहेत. काल त्यांपैकी एक, काळी दोन या पट्टीतला अभंग, टाइमबेस बदलून आणला, आणि शेवटच्या तिहाईपर्यंत सम जागेवर राहिली. भात्याचा तो बारीक श्वासासारखा आवाज इफेक्टविना काढलेल्या प्रतीत इतका स्वच्छ आहे की, पूर्वी मी तो का दाबून टाकला होता, हे मला आता कळत नाही. या गाण्यांत तो तसाच ठेवणार आहे. उरलेली चाळीस गाणी दर रविवारी दोन याप्रमाणे आणायची ठरवली आहेत.