रुग्णनोंदींची देवाणघेवाण: आधी कायदा की आधी सहमती? (अमेरिकी राज्यांचा अनुभव)

कडुनिंब:
२००९च्या हायटेक कायद्याने अमेरिकेतल्या रुग्णालयांत संगणकीय नोंदी आल्या, पण एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला दिसेना. म्हणून केंद्राने राज्यांना आणि प्रदेशांना मिळून सुमारे ५४ कोटी ८० लाख डॉलर दिले, नोंदी फिरवणारी यंत्रणा उभी करायला. माझं ठाम मत: रुग्णालयं, प्रयोगशाळा, विमा कंपन्या आणि डॉक्टर एकत्र बसवून जिथे एकच छोटं काम आधी निवडलं, तिथे गाडी चालली. मेरीलँडची ‘क्रिस्प’ ही नोंदी फिरवणारी संस्था पाहा. रुग्ण दाखल झाला किंवा घरी गेला, की त्याच्या नेहमीच्या डॉक्टरला सूचना. दाखल झाल्याचा ए०१ आणि सोडल्याचा ए०३ हे एचएल७ (आरोग्य प्रणालींनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली भाषा) संदेश रुग्णालयाच्या नोंदणी प्रणालीतून तसेही निघतात, कुणाला नवीन काही टाइप करावं लागत नाही. डॉक्टरने आपल्या रुग्णांची यादी चढवली की झालं. उलट मिनेसोटाने २००७ मध्येच कायदा केला: जानेवारी २०१५ पर्यंत सगळ्यांकडे एकमेकांशी बोलणारी प्रणाली हवी. एवढ्याने लहान दवाखाने जोडले गेले नाहीत.

तिसरीघंटा:
मिनेसोटाच्या कायद्यात दंडच नव्हता. दात नसलेला कायदा चावला नाही, यावरून कायदे निरुपयोगी ठरत नाहीत. आणि मेरीलँडचं श्रेय नुसत्या बैठकांना देऊ नका. तिथे रुग्णालयांचे दर सरकारी आयोग ठरवतो; क्रिस्पचं सुरुवातीचं भांडवल त्या दरांतूनच उभं राहिलं. २०१४ पासून तर रुग्णालयाचं वर्षाचं उत्पन्नच आधी ठरवून देतात. रुग्ण महिन्याभरात परत दाखल झाला तर खर्च वाढतो, उत्पन्न वाढत नाही. अशा ठिकाणी नोंद लपवण्यात रुग्णालयाचं नुकसान आहे. जिथे प्रत्येक दाखल रुग्णाचे वेगळे पैसे मिळतात, तिथे तेच लोक वर्षानुवर्षं एकत्र बसले तरी नोंद बाहेर देणार नाहीत. दाखल-सूचनाच घ्या: मे २०२१ पासून मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा) राहण्यासाठी रुग्णालयांनी ती पाठवणं केंद्राने अटच केली. सगळीकडे आपखुशीने होत असतं तर अट कशाला लागली असती?

अक्षरजुळणी:
दोघांचंही पटतं, पण मुख्य अडचण राहून गेली. अमेरिकेत सर्वांना लागू असा एक आरोग्य क्रमांक नाही. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोन यांची जुळणी करून गुण देतात. गुणांचा उंबरठा उंच ठेवला तर एकाच माणसाच्या दोन नोंदी राहतात. खाली आणला तर दोन माणसं एक होतात. दुसरी चूक जास्त भयंकर, कारण पेनिसिलिनची ॲलर्जी भलत्याच्याच नावावर चढते. सगळ्यात फसवी जुळी बाळं: आडनाव, पत्ता, तारीख एकच, आणि नाव ठेवेपर्यंत कधी कधी दोघांच्याही नोंदीत नुसतं ‘बेबी बॉय’. शिवाय रुग्णालयाने आपल्याकडच्या दुहेरी नोंदी एक केल्या आणि तसं कळवणारा ए४० संदेश पाठवलाच नाही, तर राज्याच्या यादीत त्या दोनच राहतात. हे कायद्याने सुटत नाही. नोंदणीच्या खिडकीवर ओळखपत्र पाहून नाव जसंच्या तसं लिहिणं, आणि संशयित जोड्या रोज हाताने तपासणारी माणसं नेमणं, एवढाच उपाय. या माणसांचा पगार कोण देणार हे देवाणघेवाणीच्या करारात आधी लिहा. कारण अशा यंत्रणांच्या खर्चात मेडिकेडमार्फत (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मिळणारा केंद्राचा ९० टक्के वाटा सप्टेंबर २०२१ मध्ये संपला.

तिसरीघंटा:
पगाराचा मुद्दा मान्य. पण संमतीचं काय? न्यूयॉर्कमध्ये रुग्णाने लेखी हो म्हटल्याशिवाय डॉक्टरला नोंद उघडता येत नसे. बेशुद्ध माणसाची सही कुठून आणणार, म्हणून तातडीच्या उपचारासाठी वेगळी वाट ठेवावी लागली. व्हरमाँटने मार्च २०२० पासून नियम उलटा केला: नाही म्हटलं नाही, तर नोंद दिसते. तो बदल विधिमंडळानेच केला.

कडुनिंब:
व्हरमाँटचा मुद्दा मान्य, संमतीचा नियम कायद्यातच हवा. तरी कायदा ‘पाठवा’ म्हणू शकतो, ‘वाचता येईल असं पाठवा’ हे त्याला जमत नाही. तीन महिन्यांच्या साखरेच्या चाचणीचा लॉइंक (चाचण्यांच्या सामाईक संकेतांची यादी) क्रमांक ४५४८-४. प्रयोगशाळा मात्र स्वतःचा संकेत वापरते आणि तक्त्यावरून जुळवते. यंत्र बदललं, संकेत बदलला, तक्ता तसाच राहिला, की निकाल पोचतो पण आलेखात बसत नाही. डॉक्टरला वाटतं चाचणी झालीच नाही; तो पुन्हा रक्त काढायला सांगतो. नियमाच्या हिशेबी ती प्रयोगशाळा मात्र ‘जोडलेली’. हे पकडायला न जुळलेल्या संकेतांची यादी दर आठवड्याला प्रयोगशाळेकडे परत जायला हवी, आणि ती उघडणारा माणूस तिथे नावानिशी ठरलेला हवा. ते नाव बैठकीतच ठरतं.

अक्षरजुळणी:
आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर? करारात नावाऐवजी पद लिहा आणि त्या पदाचा सामाईक ईमेल द्या.