दिवाळीनंतर सिडनीला निघालोय, काय बघू?

बी-२०३ काका (सकाळी ८.०५)
नमस्कार मंडळी. मुलाने तिकिटं पाठवली. दिवाळी आटोपली की २५ ऑक्टोबरला आम्ही दोघं सिडनीला, ३ आठवडे. मुलगा-सून सिडनीच्याच पॅरामॅटा भागात राहतात. दोघांच्याही नोकऱ्या, म्हणजे सोमवार ते शुक्रवार आमचे आम्हीच. एका ओळखीच्याने तिथून ११ दिवसांची सहल सुचवलीय. मेलबर्न, गोल्ड कोस्ट, केर्न्स, शिवाय मधला तो लाल खडक, उलुरू. एवढ्या लांब जातोच आहोत तर सगळं बघून घ्यावं असं मला वाटतं. हिच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. कोणी जाऊन आलंय का?

सी-५०२ ताई
काका, ती सहल घेऊ नका. आम्ही गेल्या वर्षी आई-बाबांना घेऊन अशीच गेलो होतो. कंपनीचं नाव नको, पण रोज पहाटे ५ ला बॅगा दाराबाहेर. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत ज्या पॉइंटवर नेलं तिथे दाट धुकं. २० मिनिटं थांबलो, फोटोत पांढऱ्याशिवाय काही नाही, आणि गाइड म्हणाला बसमध्ये बसा. बाबा परत येईपर्यंत तेच बोलत होते, अजून अर्धा तास थांबलो असतो तर दिसलं असतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

ए-१०४ भाऊ
अभिनंदन काका! मोठा देश आहे, पण तिथे विमानं वेळेवर असतात म्हणे. जमेल तुम्हाला.

डी-७०१ मावशी
भाऊ, मोठा म्हणजे किती ते आधी बघू या. मी लेकीकडे ५ महिने राहिले. तिथे गेल्यावर नकाशा भिंतीवर लावला आणि मगच डोक्यात शिरलं. ऑस्ट्रेलिया आपल्या दुपटीहून मोठा. आपण शाळेत शिकलो ना, काश्मीर ते कन्याकुमारी ३,२१४ किलोमीटर? सिडनी ते पर्थ साधारण तेवढंच अंतर, फक्त आडवं. विमानाने ५ तास. केर्न्स ३ तास, उलुरू साडेतीन. विमानतळावर जाणं-येणं धरलं की प्रत्येक उडीला एक दिवस संपतो. परतीची उडी धरून ११ दिवसांतले ५ दिवस खुर्चीत.

आणि काका, तुम्ही जिथे राहणार आहात तिथून जंगल, दरी, समुद्र, सगळं लोकल ट्रेन आणि बोटीने होतं. सकाळी निघा, रात्री सुनेच्या हातचं जेवायला घरी. एवढ्या मोठ्या शहराला इतका निसर्ग चिकटून असलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. घरकाम उरकून जरा वेळाने सविस्तर लिहिते.

सेक्रेटरी
सूचना : टाकी सफाईमुळे आज सकाळी ११ ते दुपारी ३ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे 🙏

बी-२०३ काका
मावशी, वाट बघतो. ही म्हणते वहीत लिहून घ्या.

डी-७०१ मावशी (सकाळी १०.४०)
पॅरामॅटाला राहणार हे फार चांगलं झालं. शहराच्या मध्यात असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

पहिल्या दिवशी काही बघू नका, झोपा. ते आपल्यापुढे साडेपाच तास. दुसऱ्या दिवशी पॅरामॅटाच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्या, ट्रेन नको. ती नदीतून हळूहळू जाते, दीड तासाच्या आसपास. सुरुवातीला नदी इतकी अरुंद की दोन्ही काठांची खारफुटी हाताशी येते. मग पात्र रुंद होत जातं, घरं मोठी होत जातात, आणि शेवटी बोट हार्बर ब्रिजच्या खालून जाते आणि उजव्या हाताला ऑपेरा हाऊस. शहर असं पाण्यावरून आधी भेटलं पाहिजे. मी पहिल्यांदा ट्रेनने गेले होते, त्याची हळहळ वाटते.

उतरायचं सर्क्युलर की या धक्क्याला. तिथून बोटॅनिक गार्डन सपाट रस्त्याने. तिकीट नाही, बाकं भरपूर, वहिनींच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. बाग १८१६ ची. तिच्या टोकाला खडकात कोरलेलं एक बसायचं आसन आहे, मिसेस मॅक्वारीज चेअर. गव्हर्नरच्या बायकोसाठी १८१० मध्ये कैद्यांकडून कोरून घेतलं होतं. पूल आणि ऑपेरा हाऊस एका नजरेत हवं असेल तर तिथे जा. बागेत वोलेमाय पाइन विचारून शोधा. हे झाड केवळ जीवाश्मांतून माहीत असलेल्या घराण्यातलं. १९९४ मध्ये ब्लू माउंटन्सच्या बाजूच्या एका घळीत जिवंत सापडलं. इतक्या जवळ, आणि तोवर कोणाला पत्ता नव्हता! मी त्या झाडापाशी बराच वेळ उभी होते.

ई-३०१ दादा
काका, ऑपेरा हाऊसचं मी सांगतो, आमच्या क्षेत्रातलं आहे. नुसतं बाहेरून फोटो काढून येऊ नका, जवळ जाऊन छपराला लागलेल्या फरशा बघा. १० लाखांहून जास्त आहेत, स्वीडनमध्ये बनवलेल्या. लांबून पांढरं दिसतं, पण जवळून दोन प्रकार : चकचकीत पांढऱ्या आणि मंद सायीच्या रंगाच्या. म्हणून उन्हात डोळ्यांना खुपत नाही.

डॅनिश वास्तुविशारद योर्न उट्झॉन १९५७ ची स्पर्धा जिंकला, पण छपराची ती शिडं बांधायची कशी हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. काही वर्षं डोकं लावल्यावर उत्तर सापडलं : सगळी शिडं एकाच गोलाचे तुकडे धरायचे. मग वक्रता सगळीकडे सारखी, साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात. ७० लाख डॉलरचा अंदाज होता, १९७३ ला उद्घाटन झालं तोवर १० कोटी २० लाख लागले. सरकारशी खटके उडून उट्झॉन १९६६ मध्येच निघून गेला. २००८ मध्ये तो वारला, पूर्ण झालेली इमारत त्याने प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. मला हे वाचल्यापासून त्या इमारतीकडे नुसतं कौतुकाने बघता येत नाही.

आतून दाखवणारी टूर साधारण तासाभराची असते. पायऱ्या खूप आहेत, काकूंसाठी लिफ्टने जायची सोय तिकीट काढतानाच विचारा.

डी-७०१ मावशी
छान सांगितलंस रे. एक भर घालते. ती इमारत ज्या टोकावर आहे त्याचं नाव बेनेलाँग पॉइंट. बेनेलाँग हा तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस. इंग्रजांनी १७८९ मध्ये त्याला पकडून नेलं, पुढे तो त्यांची भाषा शिकून दुभाषा झाला, इंग्लंडलाही जाऊन आला. गव्हर्नरने त्याला त्या टोकावर झोपडी बांधून दिली होती. ब्रिज बघाल, इमारत बघाल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की ती जमीन आधी गाडिगल लोकांची.

बी-२०३ काकू
मी यांच्या फोनवरून लिहितेय. मावशी, डोंगरावर जाता येईल का मला? चढ-उतार नको वाटतो. आणि फराळ नेता येतो का?

डी-७०१ मावशी (दुपारी १२.१५)
वहिनी, डोंगरावर तर तुम्हीच जायचंय.

ब्लू माउंटन्सची ट्रेन शहराच्या सेंट्रल स्टेशनवरून सुटते आणि पॅरामॅटाला थांबते. तुम्हाला दीड तासात कटूम्बा गाव. ट्रेनमध्ये स्वच्छतागृह असतं, हे आपल्या वयाला महत्त्वाचं. स्टेशनबाहेरून बस थेट एको पॉइंटला. बस ते कठडा, अगदी थोडं चालणं. समोर थ्री सिस्टर्स, तीन सुळके, सगळ्यात उंच ९२२ मीटर. खाली जेमिसन व्हॅली, नजर पोचेल तिथवर झाडंच झाडं.

माथेरानलाही एको पॉइंट आहे, म्हणून मला वाटलं तसंच असेल. तसं नाही. आपला सह्याद्री काळा, बेसॉल्टचा. तिथला कडा वालुकाश्माचा. सकाळी पिवळट आणि संध्याकाळी तांबूस. महाबळेश्वरपेक्षा कटूम्बा थोडं कमीच उंच, पण गार वारा असतो, स्वेटर न्याच.

आणि वहिनी, वास. बसमधून उतरल्यावर मला एकदम आईची आठवण आली. सर्दी झाली की ती रुमालावर निलगिरीचं तेल टाकायची ना, तोच वास, पण अख्ख्या दरीभर. ती सगळी निलगिरीचीच झाडं, आपल्याकडे तिथूनच आलेली. झाडांच्या पानांतलं तेल हवेत उडतं आणि त्यातून ऊन निळसर विखुरतं, म्हणून डोंगर निळे दिसतात असं सांगतात. आपले निलगिरी पर्वत आणि हे ब्लू माउंटन्स, नावाचा अर्थ एकच. मी लेकीला हे सांगितलं तेव्हा ती ७ वर्षं तिथे राहून पहिल्यांदा थांबून श्वास घेत होती.

सी-५०२ ताई
मावशी, आम्ही तिथे उभे होतो आणि हे काहीच कळलं नाही. 😔

डी-७०१ मावशी
म्हणूनच सांगते, धुकं असेल तर परत फिरू नका. गावात जाऊन चहा घ्या, तासाभराने पुन्हा या. स्वतःच्या वेळेने गेलात तर हे करता येतं. मला दोनदा तसंच लागलं आणि दोन्ही वेळा नंतर उघडलं. ३ आठवड्यांत २ वेळा जा, एकदा मधल्या वारी आणि एकदा मुलांबरोबर. शनिवार-रविवारी खूप गर्दी.

सीनिक वर्ल्ड म्हणून एक जागा आहे, तिथली छोटी रेल्वे ५२ अंशांच्या उतारावरून दरीत उतरते. पूर्वी कोळशाच्या खाणीची होती. खाली ओलसर जंगलात लाकडी फळ्यांची सपाट वाट, आणि परत येताना केबलवेने वर. चढ एकही नाही. तिकीट महाग आहे, पण वहिनींना दरीच्या तळाशी जायचा हा एकच मार्ग, म्हणून पैसे खर्च करा.

फराळाचं : जे नेता ते प्रवासी कार्डावर लिहा, एकही वस्तू लपवू नका. लिहून दिलं तर फार तर काढून घेतात, न लिहिता सापडलं तर जबर दंड. दूध-खव्याचं काही नेऊच नका. बिया, ताजी फळं, कढीपत्ता नको. औषधं ३ महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि खरं सांगू, पॅरामॅटाच्या शेजारच्या हॅरिस पार्कला चकलीच्या भाजणीपर्यंत सगळं मिळतं.

ए-१०४ भाऊ
समुद्राचं सांगा मावशी. आम्ही रत्नागिरीचे, काकांना पाणी बघितल्याशिवाय चैन नाही, आमच्याबरोबर गणपतीपुळ्याला दोनदा आलेत.

डी-७०१ मावशी (दुपारी ४.३०)
भाऊ, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

बाँडायचा किनारा सगळे सांगतील, जा, बघा. पण पाण्यात उतरायचं ते फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. वरून शांत दिसणारं पाणी आत ओढून नेतं. काका पट्टीचे पोहणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितेय. काका, झेंड्याबाहेर गुडघाभरसुद्धा नको. टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही.

बाँडायपेक्षा मला मॅनलीची फेरीबोट आवडली. सर्क्युलर कीवरून अर्धा तास. मध्ये खाडीचं तोंड उघडं पडतं आणि बोट खऱ्या समुद्राच्या लाटांवर हलायला लागते, तेवढी ५ मिनिटं.

पण भाऊ, ऐका. शहराच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क आहे, १८७९ चं, अमेरिकेच्या यलोस्टोननंतर जगातलं सगळ्यात जुनं म्हणतात. क्रोनुलापर्यंत लोकल, तिथून छोट्या लाकडी बोटीने पलीकडे बंडीना गावात. किनाऱ्याने आणि झाडीतून चालत गेलं की जिबन हेडला कातळावर कोरलेली चित्रं. तिथल्या मूळ रहिवाशांनी, धारावल लोकांनी कोरलेली. देवमासा, कांगारू, पाकट मासा.

ए-१०४ भाऊ
पाकट? कातळावर? अहो आमच्याकडे उक्षीला कातळात कोरलेला हत्ती आहे, बारसूच्या सड्यावर माणूस आहे, मासे तर कितीतरी. मी लहानपणी त्यावरून गुरं नेलीयत, काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं.

डी-७०१ मावशी
मला तेच आठवलं. तिथे आता चित्रांवर पाय पडू नये म्हणून लाकडी पूल बांधलाय, वरून बघायचं. शेजारी पाटी, ही कोणाची, त्यांचे वंशज आज कुठे आहेत. दुपारचं ऊन डोक्यावर असताना रेषा दिसत नाहीत, सकाळी किंवा चारनंतर तिरप्या उन्हात उठून दिसतात. वाट वाळूची आहे, वहिनी बंडीनाच्या किनाऱ्यावर सावलीत बसू शकतात.

ए-१०४ भाऊ
काका, फोटो पाठवा. तिरप्या उन्हातलाच. आमच्या गावच्या शाळेत दाखवीन.

ई-३०१ दादा
प्रवासखर्चाचं लिहितो. वेगळा पास लागत नाही, बँकेचं कार्ड टेकवून चढा, उतरताना पुन्हा टेकवा. दोघांची कार्डं वेगळी हवीत. ट्रेन, बस, फेरी सगळ्याला तेच. दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, शुक्रवार ते रविवार ती आणखी कमी. फक्त विमानतळ स्टेशनला जादा पैसे लागतात.

सी-५०२ ताई
आणि काका, त्या दिवसांत तिथे नीलमोहोर फुललेला असतो! आम्ही जूनमध्ये गेलो होतो, तिकडचा हिवाळा, एकही फूल नाही. रस्तेच्या रस्ते जांभळे होतात म्हणे.

डी-७०१ मावशी
हो. हार्बर ब्रिजच्या उत्तर टोकाला किरिबिली म्हणून भाग आहे, तिथल्या एका रस्त्यावर तर डोक्यावर जांभळं आणि पायाखाली जांभळं. तुम्ही पोचाल तेव्हा बहर अगदी भरात असेल.

बी-२०३ काका (संध्याकाळी ५.५०)
सहलवाल्यांना ‘येत नाही’ असं कळवलं. मुलाला फोन केला, तो म्हणाला बाबा, तुम्ही ११ दिवस बाहेर फिरणार म्हणून मी काही बोललो नव्हतो, पण मला वाईट वाटत होतं. आता त्याने दोन शुक्रवारी सुट्टी टाकलीय.

हिने वहीत ४ पानं लिहिलीयत. मावशी, त्यातल्या कोणत्या दिवशी कुठे जायचं ते समोर बसून ठरवायचंय. कधी येऊ?

डी-७०१ मावशी
या ना, आज ७ वाजता. माझ्याकडे भिंतीवरचा तो नकाशा अजून आहे, घडीवर जरा फाटलाय. वहिनींना लिफ्टने आणा, डी विंगची सकाळी बंद होती, आता सुरू झालीय.