दुपारचं विमान एवढं सपाट का चढतं? (चिकलठाणा विमानतळ, छत्रपती संभाजीनगर)

गच्चीवाला_मुकुंदवाडी
फोनवर विमानं दाखवणारं ॲप टाकल्यापासून माझं ध्यान तिकडंच ऱ्हायलंय. आई म्हणती, पाणी भरायचं सोडून आभाळात काय बघायलास. मुंबईला जाणारं ए320 जेट हिवाळ्यात सकाळी मिनिटाला 2,800 फुटांनी चढताना दिसतं. मे महिन्यात दुपारी दिल्लीला जाणारं तसलंच विमान 1,900 च्या वर जाईना. असं का?
दुसरं, दहा हजार फुटांजवळ हा आकडा एकदम 800 वर येतो अन् परत वाढतो. इंजिन कमी करतात काय?
आणि गल्लीतले एक काका म्हणतात, 1993 ला इथं अपघात झालेलं विमान उन्हामुळंच उठलं नव्हतं. खरं हाय का? मी लेथवर काम करतो, आकड्यांची भीती नाही. हिशेबासकट सांगा.

बीडची_पोरगी_172
दादा, मी बारामतीला सेसना 172 वर शिकले, त्यामुळं आधी छोट्या विमानाचा हिशेब सांगते.

किती वेगानं चढतंय आणि किती उभं चढतंय, या दोन वेगळ्या गोष्टी. ॲप पहिली दाखवतं, गच्चीवरून डोळ्याला दुसरी दिसते. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची बरीच ताकद सपाट रस्त्यावरच खर्च होते, उरेल तेवढीच चढाला कामी येते. विमानाचंही तेच. उरलेली ताकद भागिले वजन, हा झाला चढण्याचा दर.

आता ऊन. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण 1,900 फुटांवर. तेवढ्या उंचीवर प्रमाण हवेचं (हिशेबासाठी ठरवून घेतलेली हवा) तापमान 11 अंश धरतात. मे महिन्यात 42 असलं की 31 अंश जास्त झाले. दर अंशाला सुमारे 120 फूट धरा, म्हणजे 3,700 फूट. विमान जमिनीवर उभं आहे, पण त्याच्या दृष्टीनं हवा 5,600 फुटांवरची. हवा विरळ म्हणून इंजिनाला कमी मिळते, पंख्याला कमी मिळते, आणि पंखाला तेवढाच भार उचलायला जास्त वेगानं पळावं लागतं. कमाई घटली आणि खर्च वाढला, मग शिल्लक किती राहणार? 172एस या प्रकाराच्या माहितीपुस्तकात पूर्ण वजनाला समुद्रसपाटीवर, प्रमाण हवेत, मिनिटाला 730 फूट दिलेत. 2,000 फुटांवर 40 अंशांना तेच 560 च्या आसपास येतात. आमचे सर मे महिन्यात अकरानंतर दोन जणांना टाकी भरून सोडायचेच नाहीत. तेव्हा राग यायचा.

उभं चढायचा वेग वेगळा असतो. 172एस ला तो 62 नॉट (ताशी 62 सागरी मैल), पुढं झाडं किंवा तारा असतील तेव्हा वापरायचा. लवकर उंची गाठायची तर 74. वर जाल तसे हे दोन आकडे एकमेकांकडं सरकतात, आणि जिथं मिळतात तिथं चढणंच संपतं. त्याच्या बरंच आधी, दर मिनिटाला 100 फुटांवर आला की पुस्तकवाले कामाची कमाल उंची लिहून मोकळे होतात.

नांदेडचा_हँगरवाला
ताईंनी सेसनाचं बरोबर सांगितलं. जेटमध्ये एक जास्तीची भानगड आहे, ती ॲपवाल्यांना माहीतच नसते.

बऱ्याच जेट इंजिनांना समुद्रसपाटीवर साधारण 30 अंशांपर्यंत पूर्ण जोर मिळतो. त्यापुढं आतलं तापमान आवरण्यासाठी जोर घटवावा लागतो. चिकलठाण्याच्या उंचीवर ती हद्द 26-27 वरच येते. पण थंडीत वैमानिक पूर्ण जोर वापरतातच असं नाही. विमान हलकं आणि धावपट्टी पुरेशी असली की संगणकाला मुद्दाम जास्तीचं तापमान सांगून कमी जोरानं उडतात, इंजिन टिकतं. त्यामुळं दर कमी दिसला की ऊन, असा निकाल देऊ नका. शिवाय दिल्लीच्या विमानात मुंबईपेक्षा दोन-तीन टन तेल जास्त असतं. भाऊ, तुम्ही दोन वेगळी वजनं तोलायलात.

दहा हजारांचं सोपं आहे. त्याखाली 250 नॉटची मर्यादा असते. ती ओलांडली की नाक थोडं खाली करून वेग वाढवतात. इंजिन तसंच चालू, फक्त ताकद काही वेळ उंचीऐवजी वेगात जाते.

आणि हिशेबात खरी कसोटी असते एक इंजिन बंद पडल्यावरची. दोन इंजिनांच्या विमानाला चाकं आत घेतल्यावर एकाच इंजिनावर किमान 2.4 टक्के चढ (100 फूट पुढं जाताना 2.4 फूट वर) जमलाच पाहिजे. 140 नॉटला म्हणजे मिनिटाला जेमतेम 340 फूट. उन्हात तो जमत नसला तर माणसं किंवा सामान उतरवतात.

जुना_जिनिंगवाला
काकांना सांगा, उन्हावर ढकलू नका. 26 एप्रिल 1993, इंडियन एअरलाइन्सचं 491, बोइंग 737. धावपट्टीपलीकडं बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता, विमान त्याला धडकलं आणि पुढं विजेच्या तारांना. 118 पैकी 55 जण गेले. चौकशीत नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धत चुकली असं निघालं, शिवाय उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनं थांबवली नव्हती. उन्हाळ्यात धाव लांबते हे खरं, पण त्या दिवशीचा दोष चौकशीनं हवेच्या माथी मारलेला नाही.

गच्चीवाला_मुकुंदवाडी
लई भारी. मग पावसाळ्यात विमानं पश्चिमेकडं तोंड करून लई उभी चढायलीत असं दिसतं, ती गार हवेमुळं का?

बीडची_पोरगी_172
थोडं गारव्यामुळं, जास्त वाऱ्यामुळं. समजा 150 नॉटनं मिनिटाला 2,000 फूट चढतंय. वारा नसताना एका सागरी मैलात 800 फूट. समोरून 20 नॉट वारा आला की जमिनीवरून वेग 130, तेवढ्याच मैलात 920 च्या वर. ॲपवरचा दर तोच राहतो, म्हणून दोन्ही दिवसांचे जमिनीवरचे वेग पण लिहून ठेवा. ओलाव्यानं हवा किंचित हलकी होते, पण तो फरक तुमच्या आकड्यांत दिसणार नाही.